मेणाची वडी

सर्फिंग करणाऱ्याला बोर्ड भेट देऊ नये, इथूनच सुरुवात करते. पेडणे तालुक्यात आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर मी सर्फिंग शिकवते आणि उरलेल्या वेळात फुटलेले बोर्ड दुरुस्त करते. दसरा झाला की पुण्या-मुंबईहून फोन यायला लागतात. नवरा शिकतोय, मुलगी शिकतेय, दिवाळीला काय द्यायचं? विचारणाऱ्याच्या मनात बोर्डच असतो. तो मोठा दिसतो आणि दाराशी उभा केला तर बघणारा थक्क होतो. पण दुसऱ्यासाठी परस्पर बोर्ड घेणं म्हणजे दुसऱ्यासाठी परस्पर स्थळ पक्कं करणं. नांदायचं त्याला असतं.

बोर्डावर लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते, आणि हल्ली बहुतेकांवर लिटरचा आकडाही असतो. माणसाला तरंगवतं ते हे आकारमान. नवशिक्याचं वजन जितके किलो, ढोबळ मानाने तितके लिटर तरी त्याला हवेत. पट्टीच्या सर्फरला त्याच्या चाळीस टक्क्यांतही भागतं. म्हणजे ७० किलोची दोन माणसं, एकाला ७० लिटर लागतात, दुसऱ्याला २८ पुरतात. दुकानात नजर खिळते ती मात्र सहा फुटी, पातळ, टोकदार बोर्डावर, कारण फोटोत तोच असतो. तो उंच, जोरकस लाटांसाठी घडवलेला असतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी येते आणि सपाट वाळूवर सावकाश मोडते. तिच्यावर आठ-नऊ फुटी जाडजूड फोमचा बोर्डच चालतो. दिसायला बोजड, रंगाने भडक, आणि पहिली दोन वर्षं त्याच्याइतका उपयोगाचा दुसरा नाही. तो भाड्याने मिळतो. पैसे खर्च करायचेच असतील तर महिनाभराचं भाडं भरून टाका.

मग द्यायचं काय? दुरुस्तीच्या बाकावर बसून माझं एक मत झालंय. समुद्र जे झिजवतो, तोडतो आणि हरवतो, ते द्यावं.

पहिला मान मेणाचा. फायबरच्या बोर्डाची पाठ गुळगुळीत असते, ओला पाय त्यावर ठरत नाही. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातले सर्फर साधं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, पाठीवर घासू लागले. आजच्या वडीत चिकटपणासाठी आणखी काही मिसळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा नारळाचा वास. ही वडी पाण्याच्या तापमानावरून निवडायची असते, आणि नेमकं तिथेच घोटाळा होतो. थंड पाण्याचं मेण मुद्दाम मऊ बनवतात, कारण थंडीत ते कडक होऊन चिकटेनासं होतं. गरम पाण्याचं मेण मुळातच कडक असतं. आपल्या अरबी समुद्राचं पाणी वर्षातला बराच काळ २७ ते ३० अंशांच्या घरात असतं, म्हणून इथे फक्त वेष्टनावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेली वडी चालते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मामाने कौतुकाने आणलेली ‘कोल्ड’ वडी आश्व्याच्या उन्हात अर्ध्या तासात पाघळते आणि पोटाला, पिशवीला, स्कूटरच्या सीटला लागते. पायाखाली तेवढी राहत नाही.

मेण लावण्यात मला स्वतःला फार सुख आहे. आधी कडक मेणाचा थर हलक्या हाताने गोल-गोल फिरवत लावायचा. घाई केली की थर सपाट बसतो. धीर धरला की बारीक बारीक दाणे उठतात, आणि पकड त्या दाण्यांतच असते. त्यावर रोजचं मेण. चार-सहा वेळा पाण्यात जाऊन आलं की दाणे दबतात, वाळू मिसळते, मेण मळकट होतं. तेव्हा एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला धार असलेली छोटी प्लॅस्टिकची फणी लागते. दात्यांनी जुनं मेण खरवडून पुन्हा खरबरीत करायचं, धारेने सगळं काढून टाकायचं. ही फणी स्वस्त असते आणि कायम हरवलेली असते. तेव्हा चार वड्या आणि एक फणी, भेट झाली. फक्त ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

दुसरी वस्तू लीश, म्हणजे पायाला आणि बोर्डाच्या शेपटीला जोडणारी युरेथेनची दोरी. तिच्याबद्दल बोलताना जॅक ओनील आठवतो. त्याने १९५२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सर्फचं दुकान काढलं आणि पुढे वेटसूट जगभर पोहोचवला. त्याचा मुलगा पॅट याने १९७०च्या सुमारास बोर्डाला दोरी बांधायला सुरुवात केली, तेव्हा ती शस्त्रक्रियेत वापरतात त्या रबरी नळीची होती. ती इतकी ताणली जाई की बोर्ड उलट वेगाने अंगावर येई. १९७१मध्ये अशाच झटक्यात जॅकचा डावा डोळा गेला. आज लीश कमी ताणणारी मिळते ती या अनुभवांतून. लांबी बोर्डाइतकी किंवा थोडी जास्त, जाडी आपल्या लाटांना सहा-सात मिलिमीटर पुरे. ऊन आणि मीठ दोन्ही तिला खातात. दोरीवर कुठेही बारीक चीर दिसली किंवा घोट्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो वाळूने निकामी झालं की ती बदलायची. लीश तुटते ती नेमकी मोठ्या लाटेत, आणि मग सुटलेला बोर्ड उथळ पाण्यातल्या पोरांकडे जातो. म्हणून नवी लीश ही भेट घेणाऱ्यापेक्षा आजूबाजूच्यांना जास्त उपयोगाची.

दुरुस्ती करणारीचा एक हट्ट इथे सांगून ठेवते. लीश बोर्डाच्या छिद्रातून ओवायला बोटभर दोरी असते. ती लांब ठेवली की ताण आल्यावर शेपटीची कड करवतीने चिरल्यागत कापते. गाठ मारल्यावर दोरी कडेपर्यंत पोहोचता कामा नये, कडेवर लीशची रुंद कापडी पट्टीच यायला हवी. कित्येक बोर्ड माझ्याकडे खडकामुळे नाही, या दोरीमुळे येतात.

वेटसूट मात्र देऊ नका. तो निओप्रीनचा, थंड पाण्यासाठी. आपल्याकडे तो घातला तर माणूस पाण्याबाहेर घामाने आणि पाण्यात उकाड्याने बेजार होतो. तरी दर हंगामात परदेशस्थ नातेवाइकांनी पाठवलेला एखादा वेटसूट इथे खुंटीला लटकताना दिसतोच. इथे हवा तो रॅश गार्ड: लांब बाह्यांचा, पातळ, अंगाला बसणारा. उन्हापासून वाचवतो, आणि मेण-वाळूच्या घर्षणाने पोट सोलवटतं त्यापासूनही. बायकांना तर लांब लेगिंग्जसकट द्या, गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोर्ड घासून जे चट्टे उठतात ते टळतात. सैल टी-शर्ट घालून येणारे खूप असतात. तो पाण्याने भरतो, वर सरकतो आणि वल्हवताना हातांना ओढ लावतो.

चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं जाड मलम, घामाने न उतरणारं. हवाईत ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१पासून बंदी आहे, प्रवाळाच्या काळजीपोटी. मी झिंक निवडते त्याचं साधं कारण असं की पांढरा थर दिसतो, कुठे राहिलं ते कळतं. आणि टॉवेल? जाड टर्किश टॉवेल खाऱ्या दमट हवेत दिवसभर वाळत नाही. सोलापुरी पंचा अर्ध्या तासात वाळतो, कमरेला गुंडाळून कपडे बदलता येतात, उन्हात डोक्याला बांधता येतो. कपडे बदलायचे महागडे झगे विकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

फिनच्या, म्हणजे बोर्डाच्या खालच्या बाजूला बसवायच्या कल्ल्यांच्या, बाबतीत सावध. टॉम ब्लेकने १९३५मध्ये बोर्डाला खाली पहिला कणा बसवला, सायमन अँडरसनने तीन फिनचा बोर्ड घेऊन १९८१मध्ये मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि आज घडीला फिन बसवायच्या दोन प्रमुख पद्धती आहेत, एफसीएस आणि फ्युचर्स. एकाचा फिन दुसऱ्याच्या खाचेत जात नाही. म्हणून आधी बोर्ड उलटा ठेवून खालच्या बाजूचा फोटो मागवा. तेवढंही जमत नसेल तर फिनचे स्क्रू फिरवायची बारीक षट्कोनी चावी द्या, आणि चांगल्या तीन-चार द्या. पहाटे, मतलई वारा सुटलेला आणि लाटा घोटीव असताना, किनाऱ्यावर जमलेल्या दहा जणांत एकाकडेही चावी नसते. खारे वारे सुरू होईपर्यंतच वेळ असतो, मग पाणी चुरगळतं.

राखीला विचारणारेही असतात. ती येते ऐन पावसाळ्यात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला तरी आमचा किनारा सर्फिंगला खुला झालेला नसतो. हा दुरुस्तीचा काळ. या दिवसांत दुरुस्तीचं साहित्य द्यावं, पण आधी बोर्ड कशाचा आहे ते विचारून. ५ डिसेंबर २००५ला अमेरिकेतला क्लार्क फोमचा कारखाना एकाएकी बंद झाला. तिथल्या बहुतेक बोर्डांचा पॉलियुरेथेनचा गाभा तिथूनच येई. त्यानंतर थर्माकोलच्या जातीच्या ईपीएस गाभ्याचे, इपॉक्सी लावलेले बोर्ड झपाट्याने वाढले. पॉलियुरेथेनच्या बोर्डाला पॉलिएस्टर आणि इपॉक्सी ही दोन्ही रेझिन चालतात. ईपीएसला मात्र पॉलिएस्टर रेझिन लावलं तर गाभा विरघळून आत पोकळी पडते. शंका असेल तर इपॉक्सीच घ्या. उन्हात मिनिटांत घट्ट होणाऱ्या रेझिनच्या ट्यूबी सोप्या वाटतात, पण त्यातही पॉलिएस्टरची आणि इपॉक्सीची अशा वेगळ्या येतात, आणि जुलैत ऊन कुठून आणायचं! शिवाय आत पाणी गेलेला बोर्ड आधी भोकाची बाजू खाली करून पूर्ण सुकवावा लागतो. घाईने बुजवलेल्या ओल्या बोर्डावर पुढच्या एप्रिलमध्ये, उन्हात तापलेल्या गाडीत, फोड येतात.

एका विद्यार्थिनीने मला मागच्या पावसाळ्यात भेट दिली ती रेझिनची वाफ गाळणाऱ्या मास्कची. दोन बाजूंना डब्या असलेला, नाकावर घट्ट बसणारा. पॉलिएस्टर रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ साध्या कापडी मास्कने अडत नाही, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. खोक्यात डब्यांच्या आणखी चार जोड्या होत्या. डब्या संपतात, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.