मालवणच्या खळ्यातला म्हातारा राखणदार

कुडाळहून मालवणकडे निघालेला रस्ता नेरूरपारला कर्ली नदी ओलांडतो आणि १५३० मध्ये बांधलेल्या धामापूरच्या तलावाजवळून पुढे सरकतो. चौके गाव मागे पडले की हवेतला खारेपणा ओठांवर जाणवू लागतो. मग चिऱ्यांचे गडगे, माडांची दाटी, उतरत्या कौलांची घरे आणि अखेरीस बंदर. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा असतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, तो हा किल्ला. ती पूजा जेथे झाली, तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवतात.

पर्यटकाच्या नजरेत मालवण म्हणजे किल्ला, तारकर्लीची वाळू आणि माशांचे जेवण. मात्र वाड्यांतून सावकाश चालणाऱ्याला या गावाचा आणखी एक रहिवासी भेटतो, तो म्हणजे घराच्या खळ्यात, तुळशीवृंदावनाच्या सावलीत पहुडलेला कुत्रा. रापणीचे जाळे ओढले जाते तेव्हा किनाऱ्यावर घुटमळणारी कुत्री वेगळी आणि बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणारी वेगळी. खळ्यातला हा प्राणी घरचा असतो. कोणी तो विकत आणलेला नसतो. पिल्लू असताना आला, भात-माशाच्या कालवणावर वाढला आणि घराचा झाला. कोकणात गावाच्या सीमेवरच्या रक्षक देवतेला राखणदार म्हणतात; घराच्या सीमेपुरता तो मान या प्राण्याकडे असतो.

बंद होणारी घरे

सिंधुदुर्गातील असंख्य घरांचा एक पाय मुंबईत आहे. मुले चाकरमानी झाली, गावी आईवडील राहिले. मे महिन्यात आणि गणपतीत घर भरते. उरलेले दहा महिने दोन वृद्ध जीव आणि एक कुत्रा असा संसार चालतो. रात्री फाटक वाजले तर भुंकणारा, सकाळी मागील दारी सोबत येणारा, औषधांच्या वेळा पाळणाऱ्या घरात स्वतःच्या जेवणाची वेळ अचूक ओळखणारा.

मग एक दिवस त्या दोघांपैकी एक जण जातो किंवा अंथरुणाला खिळतो. मुले धावत येतात. उरलेल्या आईला वा वडिलांना मुंबईला न्यायचे ठरते. दागिने, कागदपत्रे, भांडी, बागेची राखण या सर्वांची व्यवस्था लागते. दाराला कुलूप लावण्याची वेळ येते आणि कोणीतरी विचारते, "ह्येका आता कोण बघतलो?"

या प्रश्नाचे उत्तर घाईत शोधले जाते, आणि ते बहुधा कुत्र्याच्या हिताचे नसते. दहा वर्षांचा कुत्रा म्हणजे वृद्ध कुत्रा. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना सात-आठ वर्षांतच वार्धक्य गाठते. लहान चणीची बारा-पंधरा वर्षे जगतात. या वयात डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, कान मंदावतात, सांधे आखडतात, दात पडतात. जी दुखणी घरातल्या आजोबांना, तीच थोड्याफार फरकाने त्यालाही.

"बंदरावर सोडा, मासे खाऊन जगेल," असा सल्ला सहज दिला जातो. तो ऐकू नये. किनाऱ्यावरच्या आणि बाजारातल्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. नवख्या, त्यातही अशक्त कुत्र्याला त्या हद्दीत जागा मिळत नाही. शिवाय येथल्या अन्नाला ऋतूचे बंधन आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, पर्यटकांची दुकाने मिटतात. मे महिन्यात वाळूवर सोडलेल्या कुत्र्याला ऐन पावसात तेथे खायला काहीच उरत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र केवळ दहा ते पन्नास रुपये. तेव्हा धाक कायद्याचा नव्हे, स्वतःच्या मनाचाच असायला हवा.

निवारा म्हणजे काय, आणि काय नव्हे

पुष्कळांची समजूत असते की निवाऱ्यात नेऊन दिले की जबाबदारी संपली. येथे थोडी माहिती उपयोगी पडेल. नगरपालिकांच्या वतीने चालणारी निर्बीजीकरण केंद्रे हे वृद्धाश्रम नव्हेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार तेथे रस्त्यावरच्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया व रेबीजचे लसीकरण करून त्यांना मूळ जागीच परत सोडले जाते. घरच्या कुत्र्याला कायमचा आसरा देणे हे त्यांचे काम नाही.

स्वयंसेवी संस्थांचे काम याहून निराळे. मुंबईत १८७४ पासून प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी बॉम्बे एसपीसीए आहे. १९८५ पासून काम करणारी वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आहे. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून जखमी व आजारी प्राण्यांवर उपचार करते. मालवणकरांना जवळ म्हणजे गोवा; तेथे आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यूचे केंद्र १९९८ पासून आहे. अशा संस्था प्राण्यांना घरे मिळवून देण्यासाठीही झटतात. परंतु त्यांच्या जागा जखमी व निराधार प्राण्यांनी आधीच भरलेल्या असतात. घरी वाढलेल्या वृद्ध कुत्र्याला तेथला गोंगाट, अनोळखी प्राण्यांची दाटी आणि संसर्गाचा धोका सोसत नाही. काही कुत्री अन्नच सोडतात. म्हणून निवारा हा शेवटचा पर्याय समजावा. संस्थेशी आधी बोलावे, तिचा नकार असेल तर तो मानावा, आणि रात्री फाटकाशी कुत्रा बांधून निघून जाणे तर कदापि करू नये. जागा नसली तरी जाहिरात, इच्छुक कुटुंबाची पारख, कागदपत्रे यांत संस्थेचे साहाय्य मागता येते. तोवर कुत्रा आपल्याच घरी राहावा, हे उत्तम.

नवे घर शोधण्याची रीत

पहिला शोध आपल्याच वाडीत घ्यावा. शेजारचे घर, बागेची राखण करणारे कुटुंब, रोज दूध देणारी बाई, म्हणजे ज्यांचा वास आणि आवाज कुत्र्याला परिचित आहे अशी माणसे. त्यांच्याकडे तो गेला तर त्याचे गाव सुटत नाही, केवळ खळे बदलते. अशा वेळी अन्नाचा व औषधांचा मासिक खर्च मुलांनी नियमित पाठवावा. मुंबईतून घराचे वीजबिल भरता येते, तसेच हेही.

नवे घर ठरवण्यापूर्वी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची तपासणी करून घ्यावी. दात, डोळे, हृदय, मूत्रपिंडे, सांधे यांची स्थिती कागदावर यावी. रेबीजची लस चालू असावी. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. बाधित कुत्र्याच्या मूत्रातून तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्या लसीविषयीही विचारावे. लसीकरणाचे मोल शेजारच्या गोव्याने दाखवून दिले आहे. तेथे मिशन रेबीज व राज्य शासन यांनी वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला.

यानंतरची गोष्ट सत्याची. कुत्रा मुलांवर गुरगुरत असेल, फटाक्यांना घाबरत असेल, रात्री अंथरूण ओले करत असेल, तर ते आधीच सांगावे. लपवलेला दोष आठवडाभरात उघड होतो आणि कुत्रा पुन्हा बेघर होतो. घेणाऱ्यांचे घर प्रत्यक्ष पाहावे. पंधरा दिवस चाचणी म्हणून ठेवू द्यावे. न जमल्यास तो आपल्याकडेच परत येईल, असे लेखी ठरवावे. प्राणिसंस्थांचा एक ठोकताळा आहे: नव्या घरी तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे ओळखीचे आणि तीन महिने रुळण्याचे. वृद्ध कुत्र्याला त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

त्याला मुंबईला न्यायचे असेल तर प्रवासाचाही विचार करावा. रेल्वेत कुत्र्याला वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित करून किंवा गार्डच्या डब्यातील पेटीतून नेता येते. वृद्ध कुत्र्याला त्या पेटीतला एकाकी प्रवास जड जातो. स्वतःचे वाहन, थंड वेळ आणि वरचेवर थांबे हा मार्ग बरा.

वृद्धांनी वृद्ध कुत्रा घ्यावा का?

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात उलट प्रश्न असेल. आपण एकटे आहोत; असा एखादा म्हातारा कुत्रा आपणच घ्यावा का? पिल्लू घेण्यापेक्षा हा विचार निश्चितच शहाणपणाचा. वृद्ध कुत्र्याला धावपळ नको असते. शौचाच्या सवयी लागलेल्या असतात, स्वभाव आधीच कळलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांचे चालणे दोघांनाही पुरते. २०१७ मध्ये स्वीडनमधील सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्के कमी आढळला. कुत्र्यामुळेच तो घटला, असे यातून सिद्ध होत नाही. निरोगी माणसेच कुत्रा पाळत असतील, असेही असू शकते.

दुसरी बाजूही ध्यानात असावी. अमेरिकेतील एका अभ्यासात ६५ वर्षांवरील व्यक्तींना कुत्रा फिरवताना होणाऱ्या अस्थिभंगांची वार्षिक संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक वाढल्याचे दिसले. म्हणून साखळी मनगटाला गुंडाळू नये. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. शेवाळलेल्या चिऱ्यांवर पावसाळ्यात कुत्र्यासह चालू नये. रात्री पायांत येऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात लहान घुंगरू बांधावे आणि न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, मधुमेहींनी आणि कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लशीविषयी विचारावे. हळद, चुना, तेल लावू नये.

कुत्र्याच्या ताटाचेही पथ्य असते. खारवलेले सुके मासे, काटे, कांदा, द्राक्षे, चॉकलेट त्याला देऊ नयेत. त्याचे सांधे दुखतात म्हणून आपली वेदनाशामक गोळी त्याला देणे तर प्राणघातक ठरू शकते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. आजी कुत्र्याला सांभाळतील. आजी रुग्णालयात असतील तेव्हा कोण सांभाळेल? ब्रिटनमध्ये ॲव्हरिल जार्व्हिस यांनी १९८५ मध्ये सिनॅमन ट्रस्टची स्थापना केली, ती नेमक्या याच प्रश्नासाठी. तिचे स्वयंसेवक वृद्धांच्या घरी जाऊन कुत्री फिरवून आणतात आणि मालकाच्या निधनानंतर प्राण्याचा सांभाळ करण्याची हमी त्याच्या हयातीतच देतात. सॅन फ्रान्सिस्कोतील २००७ मध्ये स्थापन झालेली मटव्हिल ही संस्था ज्येष्ठ नागरिकांशी वृद्ध कुत्र्यांची गाठ घालून देते. आपल्याकडे अशी व्यवस्था वाडीतल्या वाडीत उभी करता येईल. एका घरच्या मुलाने सकाळी फिरवावे, दुसऱ्या घराने गरजेला आठ दिवस सांभाळावे, एवढ्याने पुष्कळ भागते.

निरोप

ताटातूट अटळ असेल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना अंधारात ठेवू नये. "तो पळून गेला," असे सांगण्यात दयाळूपणा वाटतो, पण त्याने शोक संपत नाही. वाट पाहणे तेवढे मागे उरते. कोणाकडे दिला, ते घर कसे आहे, हे त्यांना दाखवावे. शक्य असल्यास त्यांनीच त्याला नव्या खळ्यात पोहोचवावे. त्यांचे एखादे जुने लुगडे वा धोतर त्याच्या अंथरुणात घालावे, कारण कुत्र्याची आठवण वासात असते. पुढे महिन्यातून एकदा दूरध्वनीवर त्याचे दर्शन घडवावे.

कुळाकगोताकांत हा विषय काढण्यास योग्य वेळ म्हणजे गणपती. दीड, पाच किंवा सात दिवस सारे कुटुंब एका छपराखाली असते, घर-जमिनीच्या गोष्टी होतात, पुढच्या वर्षीची आखणी होते. त्यातला अर्धा तास खळ्यातल्या राखणदारासाठी काढावा. एका कागदावर त्याचे नाव, वय, लशींच्या तारखा, औषधे, खाण्याच्या सवयी आणि "आमच्यानंतर तो अमुक यांच्याकडे जाईल," हे वाक्य लिहावे. ज्याच्या नावाने ते लिहायचे, त्याला समोर बसवून विचारावे. तो कागद घरपट्टीच्या पावत्यांसोबत जपून ठेवावा. मग कुलूप लावण्याचा दिवस कधी आलाच, तर "ह्येका कोण बघतलो?" या प्रश्नाचे उत्तर घरात आधीच लिहिलेले असेल.