कॉन्स्टेबलच्या गिरणीकडे

मॅनिंगट्री स्थानकातून बाहेर पडलं की रेल्वेचा खडखडाट लवकरच मागे पडतो. स्टूर नदीच्या काठाने, गायी चरणाऱ्या ओल्या कुरणांतून पायवाट फ्लॅटफर्डला जाते. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचा हा मुलूख. दृश्य देखणं आहेच, पण मला त्यात सारखी मालवाहतूक दिसत होती. १७०५च्या कायद्यानंतर ही नदी लॉक (पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाजे) घालून नौकावहनासाठी बांधून काढली गेली. पडाव जोडीने जात, काठावरून घोडे त्यांना ओढत. फ्लॅटफर्डच्या गिरणीचं पीठ मिस्टली बंदराला आणि तिथून लंडनला जाई. गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची, पडावही त्यांचेच. जॉन स्वतःही काही काळ घरच्या गिरण्यांत, पवनचक्कीतही, राबला. त्याच्या चित्रांतली आभाळं इतकी खरी का, याचं एक कारण हेही असावं. पवनचक्की चालवणाऱ्याचं ढगांकडे लक्ष ठेवल्याशिवाय भागत नाही.

गिरणीशेजारी कोरडी गोदी आहे. १८१५ साली प्रदर्शित झालेलं पडाव-बांधणीचं चित्र इथलंच: अर्धवट सांगाडा, उकळतं डांबर, विखुरलेली हत्यारं. ते त्याने बहुतेक सगळं उघड्यावरच रंगवलं, आणि त्या काळी हे सोपं नव्हतं. रंगाची पत्र्याची नळी निघाली १८४१मध्ये. कॉन्स्टेबल १८३७लाच गेला. त्याच्या वेळी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधलेला असे. टोचून भोक पाडायचं, लागेल तेवढा पिळायचा, भोक बुजवायचं. फुटली तर सगळा पसारा! त्यामुळे बाहेर रंगपेटीच्या झाकणात मावतील असे लहान कागद, आणि सहा फुटी चित्रं लंडनच्या खोलीत.

‘द हे वेन’ हे गवताच्या गाडीचं त्याचं प्रसिद्ध चित्र असंच लंडनमध्ये, १८२१ साली पुरं झालं. गवताची गाडी नेमकी कशी असते ते दाखवणारी रेखाटनं त्याने गावाकडून मागवून घेतली. चित्रातली गाडी पाण्यात का उभी आहे यावर फ्लॅटफर्डला बरीच चर्चा ऐकली. आपल्याकडच्या गाडीवानाला मात्र ते कोडं पडणार नाही. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, धाव सैल होते, मग चाकं भिजवावी लागतात.

याच चित्रात मागच्या कुरणात गवत कापणारे मजूर आहेत, नखाएवढे. चित्र प्रदर्शनात लागलं त्याच्या पुढच्याच वर्षी याच सफक परगण्यातले शेतमजूर मळणीयंत्रं मोडत होते. गिरणीमालकाच्या मुलाने गाडीचा तपशील मागवला. मजुराच्या घरात काय शिजतंय, हे विचारल्याचं चित्रात तरी दिसत नाही. गोदीच्या चित्रात निदान लाकडावर हत्यार चालवणारा कारागीर पुढे बसलेला आहे, म्हणून मला ते जास्त जवळचं. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. परतीची गाडी गाठली, ते थेट तिकडेच जायचं ठरवून.