अंथरूण वाढलं, रस्ता आखडला

आमचे जावई धारवाडचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी आणि भांडण निघालं तर दोन्ही! लेक आणि ते अमेरिकेत सिएटलला असतात. २०१६ साली आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा त्यांच्याकडे छोटा कॅम्पर होता. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. साधी मिनीव्हॅनच ती, पण मागची आसनं दुमडली की पलंग होई आणि मागचं दार उघडलं की गॅसची शेगडी. लांबी जेमतेम १७ फूट.

त्याच गाडीतून आम्ही पाच जण मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला गेलो. सिएटलपासून साधारण साडेआठशे किलोमीटर. तिथे डोंगराच्या कडेने कोरून काढलेला 'गोइंग-टू-द-सन' नावाचा रस्ता आहे. १९३३ साली खुला झालेला, सुमारे ८० किलोमीटर लांबीचा. मधली लोगन पास ही खिंड २०२५ मीटरवर, म्हणजे आपल्या आंबोलीच्या जवळजवळ तिप्पट उंच. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि खाली दरी. भर जुलैत तिथे बर्फ होता. हे लहान मुलासारखे त्यात उतरले, पाच वर्षांच्या नातवाबरोबर गोळे करून खेळले.

दिवस असा गेला, पण रात्री कठीण. आम्ही दोघं गाडीत, मुलं तंबूत. मुलूख अस्वलांचा, त्यामुळे खाण्याची एक वस्तू बाहेर ठेवायची नाही. माझा चकलीचा डबासुद्धा गाडीत कुलपाआड! यांना मधुमेह, रात्रीत तीनदा उठावं लागतं. शौचालय शंभरेक पावलांवर. तिसऱ्या रात्री विजेरी हातात असूनही झाडाच्या मुळाला अडखळून पडले. हाड वाचलं, मनगट मात्र टम्म सुजलं.

वातावरण हलकं करायला जावई म्हणाले, "हासिगे इद्दष्टू कालु चाचु." आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, तेच. सगळे हसले, लेक हसली नाही. "आई, मोठी गाडी घेतल्याशिवाय बाबांना परत नेणार नाही," एवढंच म्हणाली.

२०२३ साली गेलो, तर तिने शब्द खरा केला होता. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं २६ फुटी घर! तिकडे त्याला आर.व्ही. म्हणतात. गाडी वापरलेली, तीही कर्जाने घेतलेली. आत स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, न्हाणी, शौचालय, ऐसपैस पलंग. सासूच्या नजरेने मी सगळी कपाटं उघडून पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती.

पण मोठ्या घराचे खर्चही मोठे. लिटरला चार किलोमीटरसुद्धा धड जात नाही. वर्षाचे बरेच महिने ती भाड्याच्या जागेत उभी असते. वाटेत एका मुक्कामावर विजेची जोडणी मिळाली, ३० अँपिअरची. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणजे सगळी मिळून ३६०० वॅट. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू, त्यात मी चहासाठी विजेची किटली लावली आणि सगळं बंद पडलं! गोड्या पाण्याची टाकी निराळी, सांडपाण्याची निराळी, मैल्याची निराळी. रिकामी करताना मैल्याची आधी, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे काम जावई हातमोजे घालून निमूट करीत. पाणी पुरवून वापरायचं मात्र मला शिकवावं लागलं नाही. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी कधी होतं?

पार्कमधल्या अ‍ॅपगारच्या तळावर मुक्काम केला. तिथे विजेची जोडणीच नाही. आणि खरी अडचण पुढेच होती. त्या घाटाच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला मनाई आहे. जावयांना हे ठाऊक होतं, पार्कच्या फुकट बसने जायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण बसची रांग मोठी, जायला-यायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. हे रांग पाहूनच म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला इतका वेळ जमायचं नाही." ज्या शौचालयासाठी एवढी गाडी घेतली, तेच नेमकं वर नेता येत नव्हतं.

लेक त्यांच्यासोबत थांबली. आम्ही तिघं वर गेलो. बर्फ तसाच होता. बारा वर्षांच्या नातवाने आजोबांसाठी फोटो काढले, पण बर्फात खेळला नाही.

रात्री जेवताना लेकीचे डोळे भरले. "बाबा, तो रस्ता पुन्हा दाखवायचा म्हणून गाडी घेतली, आणि तुम्हीच खाली राहिलात."

हे म्हणाले, "मागच्या खेपेला रस्ता पाहिला, पण रात्री जागून काढल्या. यंदा चार रात्री स्वस्थ झोपलो. या वयात एवढं मिळालं. साकु."

मंडळी, लहान गाडी सोडून मोठी घेताना आपण पलंग मोजतो, ओटा मोजतो. रस्ताही मोजावा. कोण झोपणार, हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुठे जायचंय, हेही.

पुढच्या खेपेला मोठी गाडी तळावर ठेवायची आणि घाटासाठी दोन दिवस छोटी गाडी भाड्याने घ्यायची, असं आम्ही ठरवलंय. भाडं आम्ही देणार, हेही आम्हीच ठरवलंय. जावयांनी अजून हो म्हटलेलं नाही.