तोंड बंद, कान उघडे

‘वर बघताना तोंड बंद ठेवा,’ होडीवाल्याने बजावलं. डोक्यावर वटवाघळं लटकलेली असताना याहून मोलाचा सल्ला कोण देणार! सगळे खिदळले. मी मात्र पाण्याकडे बघत होते.

फिलिपिन्समधल्या पलावान बेटावरची ही प्वेर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी. चुनखडीच्या डोंगराच्या पोटातून ८.२ किलोमीटर वाहत थेट समुद्राला मिळते. १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. साबांगच्या धक्क्यावरून मोटरबोट, मग हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि कानात ऑडिओ गाइड. टुरिस्टांना दीडेक किलोमीटर आत नेतात, पाऊण तासात परत. एवढंच तर आहे!

पण ऑडिओ गाइड म्हणाला, भरतीचं पाणी गुहेत खूप आतपर्यंत शिरतं. आणि माझ्या पोटात गोळा आला.

२६ जुलै २००५. मी आठ वर्षांची, घर कुर्ल्याला, तळमजल्यावर. लाइट गेलेले, पाणी पलंगाच्या वर. आईने मला माळ्यावर चढवलं. ती स्वतः खाली, कमरेएवढ्या पाण्यात. दिसत काहीच नव्हतं. ती दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि मी ‘ओ’ द्यायची, रात्रभर. तेव्हापासून मला अंधार चालतो, पाणीही चालतं, दोन्ही एकदम नाही. ग्रुपमध्ये हे कुणाला बोलले नव्हते. ट्रिपचे पैसे भरून झाले होते ना!

गुहेचं तोंड मागे पडलं. उरला फक्त होडीवाल्याचा दिवा. कानात कॉमेंट्री चालूच: हे मशरूम, ही भाजी, ही ‘होली फॅमिली’. या दगडांत म्हणे समुद्रगाईच्या जातीतल्या एका प्राण्याचं दोन कोटी वर्षांपूर्वीचं जीवाश्मही आहे. एरवी मी लगेच वहीत लिहून घेतलं असतं. तेव्हा मी होडीची कड घट्ट धरून बसले होते.

शेवटी इयरफोन काढूनच टाकला. तर वरून टिक-टिक, टिक-टिक! पाकोळीच्या जातीचे छोटे पक्षी. काळोखात ते असा आवाज करत उडतात आणि भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजावरून वाट काढतात. मी डोळे मिटले आणि नुसती ऐकत बसले. हात कधी सुटला, कळलंच नाही.

संध्याकाळी रेंज मिळताच आईला फोन लावला. फोटो आधीच पाठवले होते, त्यांचं कौतुक होईल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, ‘पाणी किती होतं गं?’