राखून ठेवलेला खेळाडू

मडगावच्या फातोर्डा मैदानावर २२ ऑक्टोबर २०२५ रोजी एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल-नस्र या फुटबॉल संघांची गाठ पडली. आशियातील क्लबांच्या ‘चॅम्पियन्स लीग टू’ या चषक स्पर्धेतील हा सामना. ऑगस्टमध्ये गटवारी जाहीर झाल्यापासून गोमंतकात एकाच नावाचा जप चालला होता : क्रिस्तियानो रोनाल्डो. सेमिनरीत आमच्याबरोबर शिकलेले एक धर्मगुरू मित्र तिकडे असतात. त्यांच्या पुतण्याने तिकिटे काढून ठेवली होती. आणि सामना तोंडावर आला असताना वार्ता आली की रोनाल्डो येणार नाही. त्याला विश्रांती देण्यात आली आहे.

१८ ऑक्टोबरला तो सौदी साखळी स्पर्धेत खेळला होता. २५ ऑक्टोबरला पुन्हा खेळला, गोलही केला. मधला गोव्याचा सामना तेवढा वगळला. त्याच्यावाचूनही अल-नस्रने तो २–१ असा जिंकला. गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय तरुणाने मध्यंतरापूर्वी केला, तेवढाच काय तो यजमानांच्या वाट्याचा आनंद.

“आम्हाला त्यांनी मोजलंच नाही रे!” आमचे मित्र दूरध्वनीवर म्हणाले.

आम्ही प्रशिक्षकाची बाजू घेतली. रोनाल्डोचे वय चाळीस. एकीकडे लांबलचक साखळी, दुसरीकडे दोन-तीन चषक, शिवाय देशाच्या संघाकडून सामने. माणसाचे शरीर एकच. याबाबतीत आम्ही अनुभवाचे बोल बोलू शकतो. पुण्यात शिकत असताना एका आठवड्यात आम्ही चार सामने खेळलो. चौथ्याच्या आधी गुडघा कुरकुरत होता. पण ‘तुमच्यावाचून कसे चालेल?’ या शब्दांनी आम्ही भुललो. तेव्हापासून गुडघे टेकताना आमचा हात बाकाचा आधार शोधतो. त्या दिवशी कोणी आम्हाला बळेच बाहेर बसवले असते, तर आम्ही आजन्म त्याचे ऋणी राहिलो असतो.

शिवाय एकाची विश्रांती म्हणजे दुसऱ्याची संधी. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या एफए चषकात लिव्हरपूलला श्रूजबरी या लहान संघाशी फेरसामना खेळावा लागला. तो नेमका हिवाळी सुटीत आला. प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी खेळाडूंना सुटीचा शब्द दिला होता. पहिला सामना बरोबरीत सुटताच त्यांनी जाहीर केले की मुख्य संघ खेळणार नाही, आपणही येणार नाही. टीका पुष्कळ झाली. परंतु सरासरी एकोणीस वर्षांच्या पोरांनी सामना १–० असा जिंकला. त्या दिवशीचा तरुण कर्णधार कर्टिस जोन्स पुढे मुख्य संघात स्थिरावला. त्याच मोसमात, डिसेंबर २०१९ मध्ये, मुख्य संघ कतारला गेला असताना अशाच पोरांचा अॅस्टन व्हिलाने ५–० असा धुव्वा उडवला होता, हेही सांगितले पाहिजे. विश्रांतीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

मित्रांनी आमचे सारे ऐकून घेतले आणि फोन ठेवला. वाद आम्ही जिंकला होता. तरीही त्या रात्री झोप लागेना, कारण एक जुनी गोष्ट आठवली.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही याच यवतमाळ जिल्ह्यात मुलांच्या वसतिगृहाचे प्रमुख होतो. डिसेंबरात आसपासच्या गावांची फुटबॉल स्पर्धा भरवीत असू. आमच्या संघात घाटंजी तालुक्यातील एक मुलगा होता. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राही. उपांत्य सामना दुबळ्या संघाशी होता, म्हणून आम्ही त्याला अंतिम सामन्यासाठी राखून ठेवले. हिशेब चोख होता.

सामना सुरू झाल्यावर मैदानाच्या कडेला त्याचे वडील दिसले. हंगाम कापूस वेचणीचा. एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून ते मुलाचा खेळ पाहायला आले होते. मुलगा बाकावर बसलेला पाहून ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “काऊन जी फादर, पोरगं आजारी हाय काय?”

“नाही,” आम्ही म्हणालो, “रविवारच्या सामन्यासाठी राखून ठेवलाय.”

“असं हाय काय. मंग ठीक हाय जी.”

मध्यंतरानंतर दहा मिनिटे तरी मुलाला उतरवता आले असते. आम्हाला ते सुचले नाही. ते गृहस्थ शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या मुलांचा खेळ पाहत राहिले आणि मग एसटी गाठायला निघून गेले. रविवारी मुलाने दोन गोल केले. ढाल आम्हाला मिळाली. वडील काही आले नाहीत. दुसऱ्यांदा मजुरी बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते.

आज कोणी विचारील की मोठ्या खेळाडूला लहान सामन्यात विश्रांती द्यावी काय, तर आम्ही ‘अवश्य द्यावी’ असेच म्हणू. पण शरीर थकले म्हणून दिलेली विश्रांती वेगळी आणि समोरचे गाव लहान म्हणून दिलेली विश्रांती वेगळी. आम्ही त्या मुलाला बसवले तेव्हा तो थकलेला नव्हता. आमच्या लेखी तो सामनाच लहान होता. त्याच्या वडिलांच्या लेखी मात्र वर्षातला तोच एक सामना होता. निदान आधी निरोप धाडला असता, तर ते रविवारी आले असते.

मार्कच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, प्रभू येशू दमलेल्या शिष्यांना विश्रांतीसाठी एकांतात नेतो. लोकसमुदाय आधीच तेथे पोहोचलेला असतो. शिष्यांना विश्रांती हवी हे प्रभूला मान्य आहे. पण वाट चालून आलेल्यांना पाहून त्याला कळवळा येतो. त्या दिवशी आमच्या हिशेबात हा कळवळाच नव्हता.

आणि आम्ही अजूनही तेच करतो, वाचकहो. आमच्या धर्मग्रामात तीस किलोमीटरवर एक उपकेंद्र आहे. तेथे जेमतेम पंधरा घरे. नाताळच्या रात्री मुख्य चर्चमध्ये गर्दी, पाहुणे, गायकवृंद; तेव्हा मिस्सा आम्ही करतो आणि उपकेंद्रावर साहाय्यक धर्मगुरूंना पाठवतो. गेल्या वर्षी तेथील एका आजीबाईंनी त्यांना विचारले म्हणे, “मोठ्या फादरची तब्येत बरी नाही काय जी?” त्यांनी ते हसत हसत सांगितले. आम्हीही हसलो होतो.

येत्या नाताळच्या रात्री आम्ही त्या पंधरा घरांकडे जाणार आहोत. मुख्य चर्चमधील मिस्सा साहाय्यक धर्मगुरू करतील. ते आमच्यापेक्षा गातातही बरे. गेल्या रविवारी हे वेदीवरून जाहीर केले आहे, म्हणजे कोणाची वाट पाहणे फुकट जायला नको. काही मंडळी नाराज झाली. त्यांचे खरे आहे.