सरवा वेचणाऱ्या तिघी

ती. आत्यास,


सोबत एका चित्राची प्रत पाठवते आहे. ज्याँ फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने ते 1857 साली रंगवलं. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. गव्हाची कापणी झालेल्या रानात तीन बाया सरवा वेचताहेत. शेतीच्या चित्रांत हिरवं शिवार आणि डोक्यावर पाटी घेतलेली हसरी बाई फार पाहिली. हे चित्र तसं नाही, आणि तू स्वतः ज्वारीच्या रानात सरवा वेचलेला आहेस, म्हणून तुलाच दाखवावंसं वाटलं.

डावीकडच्या बाईचे हात बघ. उजवा जमिनीकडे, डावा पाठीवर, आणि त्या मागच्या मुठीत वेचलेल्या ओंब्या. हे नुसत्या कल्पनेतून सुचत नाही. मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी शेतात राबलेला. मधलीही तेवढीच ओणवी. तिरप्या उन्हात त्यांच्या पाठी, माना, हात तेवढे उजळलेत, तोंडं अंधारात.

लांबवर मात्र सगळा सोनेरी उजेड. गंजी, भरलेली गाडी, मजुरांची लगबग, आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर एक माणूस, बहुधा मुकादम. भरलेली गाडी आणि राखणारा माणूस इवलासा, आणि खाली सांडलेलं वेचणाऱ्या बाया सगळ्यांत मोठ्या. माझ्या मते चित्राचा अर्थ या मांडणीतच आहे. ते पॅरिसच्या सलों प्रदर्शनात लागलं तेव्हा फ्रान्समधली 1848 ची क्रांती लोक विसरले नव्हते. काही समीक्षकांना या बायांत बंडाची धमकी दिसली. त्या बिचाऱ्या तर कुणाकडे बघतही नाहीत! कापणीनंतर गोरगरिबांनी सरवा वेचायचा, ही तिथली जुनी रीत. तिच्या आधारावर त्या आपलं पोट भरताहेत, एवढंच.

कुणी या चित्रात शांत, पवित्र खेडं बघतात. मला ते अजिबात पटत नाही. दिवसभर वाकून मूठभर दाणे मिळणं, यात शांत काय आहे?

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. उजवीकडची तिसरी बाई अर्धवट वाकली आहे. ती कंबर सरळ करून उठते आहे, की पुन्हा खाली जाते आहे? चित्रावरची पुस्तकं मला हे सांगू शकणार नाहीत. तू तिच्याकडे नीट बघ, आणि काय वाटतं ते मला लिहून कळव.

तुझी भाची