हातोडा शेवटी काढणारा माणूस

प्रिय बापू,

"आईच्या घरासाठी एखादा विश्वासू प्लंबर बघून ठेव," असं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास. अरे, पुण्यात एक वेळ लक्ष्मी रोडवर पार्किंग मिळेल, पण सांगितलेल्या वेळी येणारा प्लंबर मिळणं कठीण. तरी मिळाला. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून निकाल आधीच सांगतो: काकूंची बाथरूम फोडायची नाही. एकही फरशी उचलायची नाही. गळती तुमच्या घरातली नाहीच. आता बाकीचं सावकाश वाच.

खालच्या मजल्यावरच्या मंडळींच्या बाथरूमच्या छतातून पाणी टिपकायला लागलं, पोपडे पडले, तेव्हा रीतीप्रमाणे बोट वरच्या घराकडे गेलं, म्हणजे काकूंकडे. काकू घाबरल्या. शेजारच्या मुलाकडून त्यांनी मोबाइलवर एक माणूस बुक केला. तो आला अगदी वेळेवर, युनिफॉर्म घालून, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. खालचं छत पाहिलं, वर येऊन फरशीवर टकटक केली आणि सांगितलं, "वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळं फोडावं लागेल." नवा ब्रिकबॅट कोबा, नवं पायपिंग, नव्या टाइल्स. आकडा ऐकून काकूंनी मला फोन लावला.

त्या युनिफॉर्मवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याला लगेच पुढच्या घरी जायचं होतं, आणि इतक्या घाईत "सगळं फोडा" याखेरीज दुसरं उत्तर निघत नाही. नळ बदलायचा असेल, गीझर बसवायचा असेल तर ही मोबाइलवरची सोय चांगली. दर ठरलेला असतो, पावती मिळते. गळती शोधणं मात्र निराळं काम आहे. त्याला वेळ लागतो, आणि काल आलेलाच माणूस आज पुन्हा यावा लागतो.

म्हणून मी चौकातल्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. तिथं "चांगला प्लंबर कोण?" असं विचारण्यात अर्थ नसतो, बाकड्यावर जो बसलेला असेल तोच चांगला ठरतो. मी विचारलं, "शेठ, तुमच्या स्वतःच्या घरी कोण येतं?" शेठनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक नंबर दिला. मग दुसरा प्रश्न: "उरलेला माल परत कोण आणून देतं?" दुकानदाराला सगळं ठाऊक असतं बघ. चार एल्बो लागतात तिथं आठ कोण नेतं, मालावर कमिशन कोण मागतं, आणि उरलेले दोन टी आणि एक कपलिंग परत करून गिऱ्हाइकाच्या बिलातून वजा कोण करून घेतं. दोन्ही प्रश्नांना एकच माणूस निघाला. सोसायटीत पाणी सोडणाऱ्या काकांनीही त्याचंच नाव घेतलं, तेव्हा मी फोन केला.

माणूस ओडिशातला, केंद्रापाडा जिल्ह्यातला. आपल्या शहरांत प्लंबिंग करणारी कितीतरी मंडळी त्या एका जिल्ह्यातून आलेली आहेत. तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. हा मात्र मामाच्या हाताखाली शिकला. मराठी छान बोलतो, फक्त वैतागला की हिंदीत शिरतो. तुमच्या ओंटारिओत प्लंबर व्हायचं तर शिकाऊ म्हणून साधारण ९,००० तास काढावे लागतात, वर परीक्षा आणि लायसन्स. आपल्याकडे आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स आहे, महापालिकेचे परवानाधारक प्लंबर आहेत, पण परवान्याची आठवण होते ती नळजोड घेताना. घरात पाना घेऊन शिरणाऱ्याला कागद कोण विचारतो? तेव्हा परीक्षा आपणच घ्यायची.

याची परीक्षा कशी झाली ते सांगतो. आला, पिशवी दाराशी ठेवली आणि ती उघडलीच नाही. नुसते प्रश्न. पाणी सतत टिपकतं की आंघोळी झाल्यावर? सकाळी जास्त की रात्री? वरचं घर बंद होतं तेव्हा थांबलं होतं का? खालच्या वहिनी म्हणाल्या, काकू साताऱ्याला बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हाही टिपकत होतं, आणि सकाळी कामाच्या वेळेला जास्त. तो "हं" म्हणाला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आठवणीवर काम नाही करायचं. बघून घेऊ."

त्याचा हिशोब सरळ होता. नळाच्या लाइनमध्ये पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ती फुटली असेल तर रात्रंदिवस गळते. सांडपाण्याची गळती वापर होईल तशी होते. म्हणून आधी काकूंना बादल्या भरून ठेवायला सांगितल्या आणि गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या घरात येणारा मेन कॉक रात्रभर बंद ठेवला. सकाळी खाली टिपटिप जशीच्या तशी. म्हणजे नळाची लाइन सुटली. मग नाहणी ट्रॅपमध्ये ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवला, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी उभं केलं, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, आणि पाण्यात काय घातलं असेल? कपड्यांची नीळ! चोवीस तास कोणी आत जायचं नाही. काकू त्या दिवशी आमच्याकडे राहिल्या आणि आमच्या हिला गुळाच्या पोळ्यांतल्या चुका दाखवून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेपासून जेमतेम केसभर हललेलं, आणि खाली पडणाऱ्या पाण्यात निळेपणाचा मागमूस नाही. फरशी निर्दोष सुटली, ट्रॅपभोवतीचा सांधाही सुटला.

त्यानंतर तो मागच्या डक्टकडे गेला आणि टॉर्च मारली. तुमची इमारत १९८०च्या सुमाराची, सांडपाण्याचे उभे पाइप अजून बिडाचे. काकूंच्या मजल्यालगतच्या सांध्यातून हातभर पिंपळ उगवलाय. मुळानं सांधा उघडला, आणि वरच्या मजल्यांचं पाणी त्या फटीतून भिंतीत शिरून स्लॅबच्या कडेनं खालच्या छताला येतंय. वरच्या घरांत सकाळी आंघोळी सुरू झाल्या की खाली धार वाढणार, हे ओघानं आलंच.

बाथरूम फोडायचं काम घेतलं असतं तर त्याची कितीतरी दिवसांची सोय होती. वॉटरप्रूफिंग करून "आता बघू, महिनाभर वाट बघा" म्हणाला असता तरी त्याला कोण पकडणार होतं? त्यानं ते काम हातचं घालवलं आणि म्हणाला, "काकू, हे तुमचं नाही, सोसायटीचं काम आहे." विश्वासू प्लंबरची माझी व्याख्या त्या दिवशी पक्की झाली: जो हातोडा सगळ्यात शेवटी काढतो तो.

नियमही त्याच्याच बाजूनं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांच्या आणि ड्रेनेजच्या गळतीची दुरुस्ती संस्थेनं करायची, घरातल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च ज्याच्या त्याच्या माथी. सेक्रेटरींना पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, "कमिटीपुढे ठेवतो" म्हणाले आणि तीन कोटेशनं मागवली. पिंपळ तोवर बोटभर वाढेल, पण खर्च काकूंचा नाही हे लेखी घेतलंय.

आल्यासरशी त्यानं काकूंची किरकोळ कामंही उरकली. स्वयंपाकघरातला नळ कधीपासून टिपकत होता आणि आलेला प्रत्येक जण नवा नळ घ्या म्हणत होता. यानं स्पिंडल काढला, काही रुपयांचा वॉशर घातला, जुना वॉशर काकूंच्या हातावर ठेवला. सेकंदाला एक थेंब धरलास तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. मोठी बादली भरून जाते. 'ढब्बूजी'ची व्यंगचित्रं काढणारे आबिद सुरती तुला आठवत असतील. ते २००७पासून मीरा रोडला रविवारी प्लंबर बरोबर घेऊन दारोदार गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले, ते याच हिशोबापायी. एका वॉशरसाठी लोक प्लंबरला बोलावत नाहीत, आणि बोलावलं तर तो येत नाही. त्याचं तरी काय चुकतं? पेट्रोल जाळायचं, चार जिने चढायचे आणि हातात पडणार चहाचा कप. म्हणून काकूंना फ्रिजवर यादी लावायला सांगितलीय. फ्लशच्या टाकीचा फ्लोट, गीझरखालचा अँगल कॉक, तुंबणारा सिंक असं चार-पाच कामांचं साठलं की एकदम बोलवायचं. त्याची फेरी वसूल होते आणि तो हसत येतो.

डिसेंबरात येऊन तू घरातले जुने जीआय पाइप बदलायचं म्हणतोस, ते कर. आतून गंजून ते अर्धे बुजलेत, म्हणून तर काकूंच्या शॉवरला धार नाही. माल तू स्वतः दुकानात जाऊन घे. यादी तो लिहून देईल. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच हवा, पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला. सीपीव्हीसी पाइपावर आयएस १५७७८ असा छाप असतो, तो वाचून घे. जिथं नळ आटे फिरवून बसतो तिथं ब्रास इन्सर्टचीच फिटिंग घे, नुसत्या प्लास्टिकचे आटे पुढच्या वेळी नळ बदलताना दगा देतात. आणि भिंतीतले पाइप टाइलखाली जाण्याआधी दोन गोष्टी विसरू नकोस. एक, हातपंपानं पाइपात पाणी भरून दाब द्यायला लाव आणि गेजचा काटा खाली सरकत नाही हे तू उभा राहून बघ. दुसरं, उघड्या भिंतीचे फोटो काढ, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे कोणी खिळा ठोकताना पाइपाला भोक पाडणार नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं दे: मालाचे आधी, मजुरीतले काही दाबाची चाचणी झाल्यावर, आणि हातचे राखलेले थोडे सगळे नळ चालू झाल्यावर. हे मी त्याच्यासमोरच बोललो. तो म्हणाला, "असंच पाहिजे. नंतर वाद नको."

आता एक गोष्ट, जी मला तुला सांगायचीच आहे. गळती शोधण्याचे त्यानं पैसे मागितले, तेव्हा काकूंकडे बसलेले एक शेजारी फटकन म्हणाले, "कशाचे? केलं काय त्यानं? पाणीच तर साठवलं!" आपली ही खोड जुनी आहे. हातोडा चालला, धुरळा उडाला, पोतंभर राडारोडा खाली गेला की काम झालं असं आपल्याला वाटतं, आणि त्याचे हजारो रुपये आपण मुकाट मोजतो. ज्यानं डोकं चालवून फोडणं वाचवलं त्याला मात्र चहा पाजून वाटेला लावतो. मग तो तरी दुसऱ्या घरी शोधत कशाला बसेल? फोडण्यातच पैसा आहे हे आपणच त्याला शिकवतो आणि वर प्लंबर लबाड झाले म्हणून गळा काढतो. चांगली माणसं कमी नाहीत रे. चांगुलपणा त्यांना परवडला पाहिजे.

काकूंच्या वतीनं मी त्याला मागितले तेवढे दिले, घासाघीस न करता. त्याचा नंबर काकूंच्या फोनमध्ये टाकलाय, देवघराशेजारच्या भिंतीवरही मोठ्या अक्षरात लिहून लावलाय, आणि मेन कॉक कुठला ते दाखवून त्याला लाल दोरा बांधलाय. रक्कम तुला वेगळी कळवतो. ती पाठव, आणि कृपा करून "एवढे कशाचे?" असं विचारू नकोस. विचारलंस तर या पत्राचा शेवटून दुसरा परिच्छेद पुन्हा वाचायला लावीन.

तुझा,
पुण्यातला हक्काचा मित्र